सागाची तहान

वादात हरायला लागले की धाकलूनाखवा भरतीची वेळ विचारायचे. विषय कुठलाही असो. विजेचं बिल, शेजाऱ्याने अडवलेली गल्ली, मुलाची नोकरी. समोरच्याचं बरोबर आहे हे एकदा कळलं की मान खाडीकडे वळवायची आणि म्हणायचं, "पानी कवा भरतंय गो आज?" संपलं. पुढे तुम्ही भिंतीवर डोकं आपटलंत तरी उपयोग नाही. मला याची अशी चीड यायची म्हणून सांगू! ज्याला झोपेतसुद्धा भरती-ओहोटी कळते तो माणूस विचारतोय कोणाला, तर मला. माणगावच्या डोंगरातल्या बाईला, जिने खाडी पहिल्यांदा बघितली तीच मुळी नोकरी लागल्यावर.

मी त्यांची भाडेकरू. जुईनगर स्टेशनवरून खाडीच्या अंगाला चालत गेलं की टॉवरांच्या मागे जुनं गावठाण लागतं, तिथे त्यांचं घर. खाली ते तिघं, म्हणजे नाखवा, त्यांची बायको हिराबाय आणि मुलगा जयेश. वर माझी खोली. शाळेत नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत वणवण फिरत होते. सोसायट्यांमधले लोक आडनाव विचारायचे, गाव विचारायचे आणि मग "कळवतो" म्हणून दार लावायचे. नाखवा दारात जाळं दुरुस्त करत बसले होते. वर न बघता म्हणाले, "म्हावरा खातेस?" मी म्हटलं, मासे खाते. "मंग झाला तर. सामान आन." बाबासाहेबांची तसबीर लावायला खिळासुद्धा त्यांनीच ठोकून दिला. ठोकताना भिंतीला मात्र शिव्या घातल्या, कारण भिंत सिमेंटची होती, आणि त्यांच्या मते खिळा धरायचा तो लाकडानेच.

लाकडाचं त्यांना वेड होतं. त्यातही साग. एकवीरा आईच्या खालोखाल साग. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा सगळं नवं आलं, टाइल्स आल्या, स्टीलचे कठडे आले, पण उंबरठा तोच राहिला. त्यांच्या आजोबांच्या होडीच्या फळीचा. होडीला ते 'होरी' म्हणायचे. "आज्याची होरी गेली, आजा गेला, बापूस गेला. ह्यो बग, तसाच हाय," असं म्हणून उंबऱ्यावर हात फिरवायचे. त्यावर पाय ठेवायची कोणाची टाप नव्हती. गॅस सिलिंडरवाल्याने एकदा सिलिंडर टेकवला तर त्याला असा झापला की बिचारा पुढच्या वेळी गल्लीतूनच हाक मारायला लागला.

मी हौसेने नवं कपाट घेतलं. दुकानदाराने सांगितलं, अस्सल लाकूड आहे. नाखवा वर आले, कपाटाचं दार उघडलं, नाक आत घातलं आणि वास घेतला. मग अंगठ्याचं नख रुतवलं. "भुसा हाय," म्हणाले. "भिजव नको, बिस्कुटासारका फुगंल." मी म्हटलं, कपाट भिजवायला मला काय वेड लागलंय? त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ज्या लाकडाला पाणी चालत नाही ते लाकूडच कसलं, असं त्यांचं म्हणणं.

आता इथे त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. पावसाळ्यात लाकडी होड्या वर ओढून झाकून ठेवतात. लाकूड सुकतं, आक्रसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. पाण्यात सोडायच्या आधी त्यांच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ खारं पाणी ओततात. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप बुजतात. नाखवा याला 'पाजनं' म्हणायचे. लहान मूल असावं तसं, "आज होरीला पाजला का?"

खाडीत मासे राहिले नाहीत. जे मिळायचे त्यांना रॉकेलचा वास. एके वर्षी नाखवांनी होडी विकली, एका हॉटेलवाल्याला. त्याने ती रस्त्याकडेला फाटकाजवळ उभी केली, निळा रंग फासला आणि तिच्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. आम्हाला वाटलं, म्हातारा तिकडे फिरकणार नाही. कसलं काय! रोज सकाळी बादली घेऊन जायचे आणि होडीवर पाणी मारून यायचे. तिथल्या वॉचमनला वाटायचं, काका झाडांना पाणी घालतात. "बहुत पुण्य का काम है," म्हणायचा. नाखवांनी त्याला कधी खरं सांगितलं नाही. हे मी हसत हसत हिराबायला सांगितलं तर ती हसली नाही. कोळंबी सोलत होती, सोलत राहिली.

तिला कळलं होतं की या माणसाला होडीवाचून चैन पडणार नाही. आणि होडी आली की पाठोपाठ तिच्यात जयेशला ओढणंही आलं.

जयेशला बोट लागायची. नाखव्याचा पोरगा आणि पाण्यात गेला की भडाभडा ओकायचा. लहानपणापासून. गावात त्यावरून थट्टा व्हायची. पोरगा गुणी, कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा, घरी येताना आईसाठी केळी आणायचा, माझ्या शाळेतला पंखा दुरुस्त करून द्यायचा. पण नाखवांच्या मनाला ती सल होतीच. "माज्यामागं ह्या घरात पानी कोन ओलखनार?" हे वाक्य मी जेवताना, झोपायच्या आधी, पालखीच्या दिवशी, सगळीकडे ऐकलंय. जयेश मान खाली घालून जेवायचा. हिराबाय म्हणायची, "नाय ओलखला तर काय मरतंय? पगार येतो त्याचा." आणि नाखवा भरतीची वेळ विचारायचे.

मग एक शिडाची होडी आली. पलीकडच्या टॉवरमध्ये एक निवृत्त कप्तान राहायचे, त्यांची ती. परदेशी बनावटीची, जुनी, अंग फायबरचं, पण वरचं सगळं डेक सागवानी. उन्हाने राखाडी झालेल्या अरुंद पट्ट्या, त्यांच्यामध्ये काळ्या रबराच्या रेघा. कप्तानांचे गुडघे गेले होते, होडी धक्क्याशी चिखलात कलून पडली होती. नाखवा तिच्यावर पहिल्यांदा चढले ते चपला काढून. खाली बसले, तळवा पट्टीवर ठेवला आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "ब्रह्मदेशी साग," घरी येऊन हिराबायला सांगितलं. "आज्याच्या होरीला होता तोच." आणि दुसरी गोष्ट सांगितली ती अशी, की हिच्या पोटाखाली शिशाचं वजन आहे, ही लहान होडीसारखी हिंदकळत नाही. "जयशाला लागनार नाय."

हिराबाय त्या दिवशी वर माझ्या खोलीत आली. तिने मला एवढंच सांगितलं, "त्यो उद्या सौदा करनार. तू जा संगती. तुजी जीभ चालते."

म्हणून मी गेले. मला होडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडता येतं. पण भांडायची वेळच आली नाही, कारण विकणारा माणूसच प्रामाणिक निघाला. कप्तान काठी टेकत धक्क्यावर उभे होते. म्हणाले, "नाखवा, स्पष्ट सांगतो. हे लाकूड नुसतं वरचं. खाली फायबर, त्याच्या आत हलक्या लाकडाचा थर, आणि खाली पुन्हा फायबर. या सागाच्या पट्ट्या वरून स्क्रूने बसवलेल्या आहेत. जितके स्क्रू तितकी भोकं. रबर फाटलंय, तिथून पाणी आत गेलं असणार. आधी साग उखडून काढा, भोकं बुजवा, वर रंग मारा. हे करणार असाल तर घ्या. नाहीतर माझ्याकडून घेऊ नका."

"साग उखरायचा?" नाखवा म्हणाले. जणू त्यांना कोणी घरचा उंबरठा उखडायला सांगितलं.

सोबत अन्वर होता. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा, नाखवांचा जुना दोस्त. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने डेकवर ठोकत निघाला. कडेला टकटक आवाज आला. डोलकाठीजवळ आला तसा आवाज बसला. भद्. पुन्हा भद्. मलासुद्धा फरक कळला. डोलकाठी ज्या पोलादी तारांनी धरलेली असते त्यांच्या लोखंडी पट्ट्या तिथूनच डेकमध्ये शिरून आत लाकडाला आवळलेल्या होत्या. अन्वर उकिडवा बसला. "नाखवा, सुनो. इधर माल गया. अंदर गिल्ला है. ये तार का पट्टी जिसको पकडा है ना, वोच सड गया होगा. हवा में काठी गिरेगी."

"लाकूर हाय ते. पानी पिनारच," नाखवा म्हणाले. "पाजला म्हंजी फुगंल. फटी बंद होतील."

"अरे बाबा, वो आपली होडी का लकडी अलग. ये अंदरवाला फुगता नही, गलता है."

जयेश म्हणाला, "बाबा, अन्वरचाचा सांगतायत ते ऐका ना."

मी म्हटलं, "कप्तानसाहेब स्वतः नको म्हणतायत, नाखवा. विकणारा नको म्हणतोय! अजून काय पाहिजे तुम्हाला?"

नाखवांनी आमच्याकडे बघितलं. मग मान खाडीकडे वळवली.

"पानी कवा भरतंय आज?"

सौदा झाला. सागाच्या पट्ट्या उखडल्या नाहीत. कप्तानांनी शेवटपर्यंत आग्रह केला, अन्वर आठवडाभर बोलला नाही, आणि हिराबायने त्या रात्री जेवण वाढलं पण स्वतः जेवली नाही. नाखवा मात्र बदलले. सकाळी उजाडायच्या आत बादली घेऊन धक्क्यावर. डेकवर खाडीचं पाणी ओतायचे, नारळाच्या काथ्याने आडवं घासायचे, पुन्हा ओतायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. ज्या भागातून भद् आवाज आला होता तिथे दोन बादल्या जास्त. आजाऱ्याला जरा जास्त वाढतात ना, तसं. राखाडी साग हळूहळू मधाच्या रंगावर आला. खरं सांगते, दिसायला ती फार सुंदर झाली होती. संध्याकाळी टॉवरमधले लोक मोबाइलवर तिचे फोटो काढायचे आणि नाखवा चपला काढल्याशिवाय कोणालाही वर चढू द्यायचे नाहीत.

आणि जयेशला बोट लागली नाही, हे खरं आहे. पहिल्या रविवारी बापलेक शीड लावून नव्या पुलाखालून लांब गेले. संध्याकाळी जयेश माझ्या खोलीत आला तेव्हाचा त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. "ताई, नाही झाली उलटी! एकदा पण नाही! बाबा गाणं म्हणत होते." नाखवा गाणं म्हणायचे हे मला माहीतच नव्हतं. खाली हिराबाय रागावल्यासारखी भांडी आपटत होती, पण तिलाही हसू येत होतं, ते मी जिन्यावरून बघितलं. पुढचे काही महिने घरात सुख होतं. ते नाकारलं तर मी खोटी ठरेन. जयेश दर रविवारी जायचा. नाखवांनी त्याला वारा कसा ओळखायचा, पाण्याच्या रंगावरून खोली कशी सांगायची हे शिकवलं. "पोरगा पानी ओलखाया लागला," गावभर सांगत सुटले. ज्यांनी थट्टा केली होती त्यांच्या घरी तर मुद्दाम जाऊन सांगितलं.

अन्वर मधूनमधून यायचा, डेकवर ठोकायचा आणि मान हलवायचा. एकदा म्हणाला, "पहले हाथभर था, अब इतना हो गया." नाखवांनी त्याला चहा दिला आणि भरतीची वेळ विचारली.

त्या दिवशी मी नव्हते. ज्या मच्छीमारांनी त्यांना ओढत आणलं त्यांनी सांगितलं ते एवढंच. दुपारचा वारा एकदम वाढला. शीड तट्ट भरलं. नाखवा सुकाणूवर होते, त्यांनी जयेशला शीड सैल करायला डोलकाठीकडे पाठवलं. जयेश तिथे पोचला आणि वाऱ्याकडच्या तारेची पट्टी बोल्टांसकट, आतल्या कुजक्या लाकडासकट उपटून बाहेर आली. काठी खाली आली. त्याला वाकायलाही वेळ मिळाला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाखवांना बाजूला घेतलं. मेंदूला मार आहे, वाचेल, पण चालेल-बोलेल याची खात्री देता येत नाही, असं सांगितलं. नीट, सावकाश सांगितलं. नाखवांनी ऐकलं. मग कॉरिडॉरच्या खिडकीकडे वळले. बाहेर पार्किंग होतं. "आता पानी भरतं का उतरतं?" असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जयेशला घरी आणल्यावर काही दिवसांनी नाखवा पहार घेऊन धक्क्यावर गेले. हिराबायने मला मागे पाठवलं. तिला वाटलं, म्हातारा स्वतःचं काही बरंवाईट करतोय. ते होडीवर गुडघे टेकून पट्ट्या उखडत होते. चपला पायात होत्या. एकेक पट्टी वर यायची, तिच्यावर हात फिरवून बाजूला ठेवायचे. साग ठणठणीत होता. कुठे कीड नाही, कूज नाही, मधासारखा रंग. त्याखालचं फायबर जागोजाग भोकांचं, आणि डोलकाठीजवळ ते फोडल्यावर आत काळा चिखल. नाखवांनी हात घातला, मूठभर बाहेर काढला. बोटांमधून पाणी गळत होतं. नासलेल्या भातासारखा वास सुटला.

"साग बग," मला म्हणाले. "सागाला काय झाला नाय."

मागून हिराबाय आली होती, तिला राहवलं नसणार. तिने तो पट्ट्यांचा ढीग बघितला. "माजा पोर देऊन फल्या आनल्या ह्यानं," म्हणाली आणि मागे वळून घराकडे चालायला लागली. त्या फळ्या पुढे कोणी कोणी नेल्या. नाखवांनी एकही घरात आणली नाही.

पुढे माझी बदली झाली, मी खारघरला राहायला गेले. अधूनमधून जायचे, मग जाणं कमी झालं. शेवटचं गेले ती दुपारची वेळ होती. हिराबाय बाजारात मासे विकायला गेली होती, आता ती पुन्हा टोपली घेऊन बसते. दार उघडंच होतं. मी सवयीने उंबरठा ओलांडला, तो तसाच होता, पण त्याच्यावर आता धूळ होती.

जयेश कॉटवर उशांना टेकवून बसवलेला. डोळे उघडे, ओळखतो की नाही कळत नाही. नाखवा बाजूला स्टुलावर. हातात वाटी आणि चमचा. जयेशचा गिळायचा भाग अधू झालाय. पाणी सरळ दिलं तर फुफ्फुसात जातं, म्हणून त्यात पावडर घालून घट्ट करायचं आणि चमच्या-चमच्याने द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे काम नाखवा कोणाला करू देत नाहीत, हिराबायलासुद्धा. सकाळ-संध्याकाळ, आणि मधेही, तेच पाजतात.

मी बसले. शाळेचं काहीबाही सांगितलं. मग तेही संपलं, म्हणून जे सगळे म्हणतात तेच म्हटलं. "नाखवा, किती लावून घ्याल जिवाला? तुम्हाला कुठे माहीत होतं असं होईल म्हणून?"

आणि वाट बघितली. आता मान खाडीकडे वळेल, आता ते विचारतील. बाहेर भरतीच होती, ओल्या चिखलाचा वास खिडकीतून आत येत होता.

मान वळली नाही.

"म्हाईत होता," ते म्हणाले. "अन्वर ठोकत होता ना, तवाच म्हाईत होता मना."

मग त्यांनी चमचा भरला, वाटीच्या कडेला टेकवून निथळू दिला आणि जयेशच्या ओठांत सोडला. "हलू रे," म्हणाले. दुसरा चमचा भरून ठेवला, आणि त्याचा कंठ हलायची वाट बघत तो तसाच धरून बसले.